आधी कृपा, मग आज्ञा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ आणि गुड फ्रायडेच्या सुमारास वृत्तपत्रांतून ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारे जे लेख येतात, त्यांत एक विधान हमखास असते. ख्रिस्तावर विश्वास ठेवला की पापांची क्षमा होते आणि मग माणसाच्या वागण्याचा प्रश्न उरत नाही, अशा आशयाचे ते विधान असते. आपल्या दैनिकाच्या पुरवणीतही नुकतेच ते वाचले आणि गेली पस्तीस वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारा एक ख्रिस्ती माणूस म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही. लेखकाचा हेतू वाईट होता असे मी मुळीच म्हणत नाही. विधानाचा पहिला अर्धा भाग खरा आहे, त्यामुळे दुसरा अर्धा भागही खरा वाटून जातो, आणि खेदाची गोष्ट अशी की आमच्या मंडळ्यांतले (चर्चच्या भाविक समूहांतले) पुष्कळ लोकही तो खरा मानूनच चालतात.

मराठी बायबलमध्ये ज्याला 'कृपा' म्हटले आहे, त्यासाठी नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये 'खारिस' हा शब्द आहे. देणाऱ्याने आपण होऊन, घेणाऱ्याची लायकी न पाहता आणि परतफेडीची अट न घालता दिलेले दान, असा त्याचा भाव आहे. प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात (२:८-९) म्हणतो की तुमचे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते तुमच्या कर्तृत्वाने नव्हे, म्हणून कोणी बढाई मारू नये. ही दोन वचने आमच्याकडे लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. पण पौलाचा विचार तिथे थांबत नाही. लगेच दहाव्या वचनात तो सांगतो की आपण सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण केलेले आहोत आणि ती सत्कृत्ये देवाने आपल्यासाठी आधीच योजून ठेवली आहेत. मी स्वतः कितीतरी वर्षे मुलांकडून आठवे आणि नववे वचन पाठ करून घेतले आणि दहाव्याच्या आधी पुस्तक मिटले. त्या एका वचनाच्या अंतरात केवढा घोटाळा मावतो, हे मला फार उशिरा कळले.

हे नाते मराठी माणसाला परके वाटू नये. आपल्याकडे 'अमक्याने अनुग्रह घेतला' असे म्हणतात, तेव्हा त्याच्या नेमाला त्या दिवसापासून सुरुवात झाली, असा अर्थ सगळे जण न सांगता धरतात. नेम पाळल्याच्या मोबदल्यात अनुग्रह मिळाला असे कोणी म्हणत नाही, आणि अनुग्रह मिळाला म्हणून नेम सुटला असेही म्हणत नाही. ख्रिस्ती धर्मातील कृपा आणि गुरूचा अनुग्रह एकच आहेत असा माझा दावा नाही. दोहोंमध्ये मोठे फरक आहेत. पण आधी काय आणि मागाहून काय, हा क्रम समजण्यासाठी आपली भाषा पुरेशी आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

हा क्रम नव्या करारात प्रथमच आला, असेही नाही. दहा आज्ञा सर्वांना ऐकून माहीत असतात. जुन्या करारातल्या (बायबलच्या पहिल्या भागातल्या) निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्या दिल्या आहेत, पण तो अध्याय आज्ञेने सुरू होत नाही. ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे, हे त्यातले बोलणे पहिले आहे. इस्राएल लोक समुद्र ओलांडून आले ते चौदाव्या अध्यायात, आणि सीनाय पर्वताशी पोहोचले ते त्यानंतर, एकोणिसाव्यात. देवाने मिसरमध्ये त्यांच्यापुढे दहा कलमांची यादी ठेवून 'एवढे पाळा, मग सोडवीन' असे सांगितले नाही. आधी त्यांना गुलामगिरीतून काढले आणि मग सुटलेल्या माणसांनी कसे जगायचे ते सांगितले. सातव्या दिवशी तुझ्या दासानेही विसावा घ्यावा, ही आज्ञा तर कालपर्यंत स्वतः विटा थापणाऱ्या लोकांना दिलेली आहे.

येशूच्या चरित्रात हा क्रम सर्वांत स्पष्ट दिसतो तो जक्कयाच्या गोष्टीत (लूक, अध्याय १९). जक्कय यरीहोतला मुख्य जकातदार. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा, त्यात आपले खिसे भरणारा, म्हणून गावाच्या तिरस्काराचा विषय. ठेंगणा असल्यामुळे गर्दीत दिसेना, म्हणून तो झाडावर चढला. मराठी बायबलमध्ये ते झाड उंबराचे आहे, त्यामुळे आमच्या खेड्यातल्या मुलांना ते डोळ्यांपुढे आणायला मुळीच कष्ट पडत नाहीत. येशू झाडाखाली थांबला आणि त्याला नावाने हाक मारून म्हणाला की खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. या क्षणापर्यंत जक्कयाने पश्चात्तापाचा एक शब्दही उच्चारलेला नाही, कोणाचा एक पैसाही परत केलेला नाही. पापी माणसाच्या घरी हा पाहुणा म्हणून गेला, अशी लोकांची कुरकुर सुरू झाली ती याचमुळे. त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की माझे अर्धे धन मी गरिबांना देतो आणि कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो.

हा 'चौपट' शब्द नीट पाहण्यासारखा आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, आपला अपराध आपण होऊन कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश भरावा असे सांगितले आहे. चौपट भरपाईचा नियम निर्गमात आहे, तो मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोरासाठी. म्हणजे कायद्याप्रमाणे शंभराला एकशेवीस देऊन जक्कय मोकळा झाला असता. त्याने स्वतःला चोराचा नियम लावून घेतला आणि शंभराला चारशे कबूल केले, अर्धी मालमत्ता निराळीच. कृपेमुळे त्याचे आज्ञापालन सैल पडले नाही, ते नियमशास्त्राच्या मागणीपलीकडे गेले. आणि या अर्ध्या धनाने त्याने येशूचे आपल्या घरी येणे विकत घेतले, असेही कोणाला म्हणता येणार नाही, कारण येशू आधीच घरात आलेला होता.

याच्या उलट बाजू मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात आहे. एका चाकराला राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. तोच चाकर बाहेर पडल्यावर शंभर दीनारांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. हिशेब केला तर माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते, आणि वसूल करायचे होते शंभर दिवसांच्या मजुरीचे. राजा त्याला पुन्हा बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यावर दया केली तशी तू त्याच्यावर करायला नको होती काय. मुलांना हा दाखला शिकवताना मी फळ्यावर दोन्ही आकडे लिहितो. कोणी तरी हात वर करून विचारतेच की राजाने एकदा माफ केले ते परत कसे घेतले. या प्रश्नावर मोठमोठ्या धर्मपंडितांत मतभेद आहेत आणि मी तो सोडवल्याचा आव आणत नाही. मात्र एवढे उघड आहे की कर्जमाफीचा त्या माणसाच्या हातांना स्पर्शच झाला नव्हता. माफी मिळाल्यावरही त्याचा हात दुसऱ्याच्या गळ्याकडेच गेला.

आता एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतला एक गृहस्थ बायकांची भिशी चालवत असे. बारा जणी होत्या. पैसे बुडाले, म्हणजे त्यानेच ते आपल्या धंद्यात घातले आणि धंदा बसला. काही महिन्यांनी एका रविवारी उपासनेत तो साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सर्वांपुढे सांगायला, उभा राहिला. प्रभूने माझे सगळे देणे फेडले, मी आता मोकळा आहे, असे रडत रडत म्हणाला. ते रडणे खोटे होते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण तिसऱ्या ओळीत अंगणवाडीत मदतनीस असलेली एक बाई बसली होती. घरावर पत्रे टाकण्यासाठी तिने आठ हजार रुपये त्या भिशीत साठवले होते. तिने हातातले गीतांचे पुस्तक मिटले, पदर सावरला आणि ती शांतपणे बाहेर गेली. आम्ही सगळे पुढचे गीत म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आमचे वृद्ध पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) सायकलवरून त्या गृहस्थाच्या घरी गेले. मला त्यांनी सोबत घेतले होते. तुला क्षमा मिळालेली नाही, असे ते त्याला म्हणाले नाहीत. त्याची साक्ष त्यांनी खोटी ठरवली नाही. चहा झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "जक्कय झाडावरून खाली उतरला होता. बाळा, तू केव्हा उतरतोस?" तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने बारा जणींची नावे आणि आकडे सांगायला सुरुवात केली आणि मी ते एका वहीत लिहून घेतले.

जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली अशा साक्षीसाठी नेमका शब्द दिला होता, 'स्वस्त कृपा'. पश्चात्तापावाचून क्षमा आणि येशूच्या मागे गेल्यावाचून येशूचे नाव, असा त्याचा अर्थ. जो विश्वास ठेवतो तोच आज्ञा पाळतो आणि जो आज्ञा पाळतो तोच विश्वास ठेवतो, असे त्यांनी लिहिले. तेव्हा जर्मनीतील पुष्कळ ख्रिस्ती लोक दर रविवारी क्षमेचे शब्द ऐकत होते आणि शेजारच्या यहुदी कुटुंबाचे काय चालले आहे याकडे पाहत नव्हते. बोनहोफर हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आले.

इथे कोणी नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्राकडे बोट दाखवील. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे याकोब म्हणतो. नियमशास्त्रातील कृत्यांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल रोमकरांस पत्रात म्हणतो. दोघांचे जुळत नाही, अशी शंका फार जुनी आहे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरलाही याकोबाचे पत्र फारसे रुचत नव्हते. परंतु दोघांनीही उदाहरण अब्राहामाचेच घेतले आहे, आणि प्रत्येकाने त्याच्या आयुष्यातला कोणता प्रसंग निवडला हे पाहिले की पुष्कळ उलगडा होतो. पौलाच्या मनात आहे तो जुन्या करारातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पंधरावा अध्याय. म्हातारा, निपुत्रिक अब्राहाम आकाशातले तारे पाहतो, देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि देव त्याला नीतिमान गणतो. याकोबाच्या मनात आहे तो बाविसावा अध्याय, जिथे तोच अब्राहाम मुलाला घेऊन डोंगर चढतो. दोन प्रसंगांमध्ये कित्येक वर्षांचे अंतर आहे. पौल मुळाविषयी बोलतो आणि याकोब फळाविषयी. शिवाय कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, हा प्रश्न स्वतः पौलानेच रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात विचारला आहे, आणि 'कदापि नाही' असे त्याचे उत्तर दिले आहे.

चर्चच्या इतिहासात हा वाद पुनःपुन्हा पेटला. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा ब्रिटनकडचा एक विरक्त शिक्षक रोममध्ये होता. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांची एक प्रार्थना ऐकून तो संतापला. तू जे सांगतोस ते करण्याचे बळ दे, आणि मग हवे ते सांग, अशी ती प्रार्थना होती. बळही देवानेच द्यायचे असेल तर माणूस प्रयत्न कशाला करील, ही पेलाजियसची चिंता, आणि ती मला क्षुद्र वाटत नाही. शिक्षकाला ती वाटणारच. पण आपल्या इच्छाशक्तीवर विसंबून चांगले वागण्याचा ज्याने मनापासून प्रयत्न केला आहे, त्याला ऑगस्टीनची प्रार्थना जास्त खरी वाटेल. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. पुढे ल्यूथर आणि १५४७ चा ट्रेंटच्या (कॅथलिक चर्चच्या) परिषदेचा ठराव यांमुळे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक या प्रश्नावर चार शतकांहून अधिक काळ समोरासमोर उभे राहिले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथरन संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, आणि तोच पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असा त्यातील मान्य मजकुराचा आशय आहे. २००६ साली मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथानेही त्याला संमती दिली. ही घटना मराठी वृत्तपत्रवाचकांपर्यंत जवळजवळ पोहोचलीच नाही.

आतापर्यंत मी कृपेच्या नावाखाली आज्ञा टाळणाऱ्यांविषयी लिहिले. आज्ञेच्या नावाखाली कृपा टाळणारेही असतात, आणि अशी माणसे मंडळीत पहिल्या ओळीत बसतात. उधळ्या पुत्राची गोष्ट सर्वांना माहीत आहे (वाट्याची मालमत्ता उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप धावत जाऊन जवळ घेतो), पण त्यातला थोरला भाऊ लवकर विसरला जातो. तो शेतातून येतो, घरात वाजंत्री ऐकतो आणि आत यायला तयार होत नाही. इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे, तुमची एकही आज्ञा कधी मोडली नाही, आणि तुम्ही मला मित्रांबरोबर आनंद करायला एक करडूही दिले नाही, असे तो बापाला ऐकवतो. तो खोटे बोलत नाही. त्याने खरोखरच आज्ञा पाळल्या होत्या, पण पाळताना मनात हिशेबाची वही उघडी ठेवली होती आणि बापाच्या घरात तो मजुरासारखा राहिला. बाप त्यालाही समजावण्यासाठी घराबाहेर येतो. धाकट्यासाठी धावला तोच बाप.

आज्ञापालन कोणाचे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तेथील अँग्लिकन भगिनींनी, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांनी, त्यांना मायेने सांभाळले, पण त्यांच्याकडून चर्चच्या वरिष्ठांच्या आज्ञेत राहण्याची अपेक्षाही केली. त्यांनी काय शिकवावे, कोणाला शिकवावे, यावर बिशप मत देऊ लागले. रमाबाईंनी मानले नाही. हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, आणि देवाच्या वचनाचे आज्ञापालन वेगळे व धर्मगुरूंचे आज्ञापालन वेगळे, अशा आशयाची पत्रे त्यांनी १८८५ मध्ये लिहिली. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. मिळवून वाचावा असा तो आहे.

या बाई बंडखोर होत्या, एवढे म्हणून आपण पुढे जातो, पण त्यांच्या आयुष्यात आज्ञापालन कमी नव्हते. इंग्लंडमध्ये असताना त्यांना फुलम येथील एका आश्रयगृहात नेण्यात आले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना भगिनी तिथे ममतेने वागवत होत्या. हे असे का, असे विचारल्यावर सिस्टरांनी त्यांना शोमरोनी (यहुदी ज्यांना हलके मानत त्या समाजातील) स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाण्याला आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या स्त्रीशी येशू स्वतः होऊन बोलला. रमाबाईंच्या मनाला ते लागून राहिले. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून गवसलेला नाही. हे त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. हे उमगण्याआधीच विधवा आणि मुलींसाठीचे १८८९ चे शारदा सदन उभे राहिले होते, म्हणजे कामे तर त्यांच्या हातून होतच होती. तरीही कृपा आपल्याला कळली ती मागाहून, असे त्या म्हणतात. त्यानंतर १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांत आणि गुजरातमधून शेकडो मुली व विधवा केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये फसवल्या गेलेल्या, बदनाम झालेल्या स्त्रियांसाठी त्यांनी जे घर बांधले, त्याचे नाव 'कृपा सदन' होते. आत येणाऱ्या बाईकडे चांगल्या वर्तनाचा दाखला कोणी मागत नसे. आत आल्यावर मात्र काम होते, शिक्षण होते, शिस्त होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळवणाऱ्या आणि पाने छापणाऱ्या हातांमध्ये मुक्तीच्या मुलींचे हात होते.

त्या भिशीच्या वहीचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर तो गृहस्थ माझ्याकडे पैसे देई, कधी पाचशे, कधी दोनशे, आणि मी नोंद करून ज्याचे त्याला पोहोचवी. अंगणवाडीतल्या बाईच्या घरावर दुसऱ्या पावसाळ्याआधी पत्रे चढले. बारापैकी नऊ जणींचे पैसे पूर्ण फिटले. उरलेल्या तिघींचे काम अर्धवट असतानाच तो आजारी पडून वारला. पाळकसाहेबांनी त्याच्या दफनविधीत क्षमेची वचने निःसंकोच वाचली, आणि ती अंगणवाडीतली बाई त्या दिवशी कबरीवर माती लोटायला आली होती. त्याची क्षमा त्या वहीतील आकड्यांवर अवलंबून होती असे मी मानत नाही, आणि वही न उघडता त्याला ती क्षमा जगता आली असती असेही मानत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की, पुढच्या वेळी 'ख्रिस्ती धर्मात विश्वास ठेवला की झाले' असे वाक्य आपल्याकडे छापायला आले, तर संपादकीय विभागाने लेखकाला इफिसकरांस पत्रातले दहावे वचनही वाचायला सांगावे. आमच्या पाळकवर्गालाही माझी तीच विनंती आहे. मी येत्या रविवारपासून मुलांकडून तिन्ही वचने एकत्र पाठ करून घेणार आहे.

आपला नम्र,
रविवारच्या शाळेतील एक शिक्षक,
अहिल्यानगर जिल्हा